टोपीतली चिठ्ठी

तर झालं असं. मार्च २०२४ मध्ये मी ऑनसाईट म्हणून अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात पोचलो, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. जेटलॅग संपला होता, थंडी संपायची होती. एका दुपारी क्लायंटकडचा एक म्हातारा मेनफ्रेमवाला लाल टोपी उलटी धरून एकेका क्युबिकलपाशी थांबत थांबत माझ्यापर्यंत आला. (आम्ही देशी मंडळी आपापसात त्याला 'आजोबा' म्हणायचो. आमच्यापैकी कुणाचा जन्म व्हायच्या आधीपासून हा माणूस कोबॉल लिहितोय.) मला वाटलं, कुणाच्या तरी निरोपसमारंभाची वर्गणी असेल. गुपचूप वीस डॉलर काढून दिले. तर टोपी पुढे करून म्हणतो, "आता चिठ्ठी उचल."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: शिकागो व्हाइट सॉक्स.

मला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चिठ्ठी वाचून आजोबा जो काय हसला, त्यावरून आपलं नशीब लक्षात आलं. "हे होय! यांनी तर १९१९ साली आम्हाला वर्ल्ड सिरीज विकली होती," तो म्हणाला आणि टोपी घेऊन पुढे गेला.

विकली म्हणजे काय? त्या शनिवारी तेवढं एक शोधायला बसलो आणि बघता बघता सगळा हंगामच या नादात गेला. आजची पोस्ट त्याबद्दल.

आधी पूल म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. आमच्या पुलात ३० माणसं, प्रत्येकाला चिठ्ठीतून एक संघ. पँट्रीच्या भिंतीवर मोठा तक्ता. प्रत्येक संघापुढे शून्य ते तेरा असे चौदा चौकोन. तुमच्या संघानं एखाद्या मॅचमध्ये चार रन काढले की चारचा चौकोन भरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चारच काढले तर ते वाया. चौदा काढले तरी वाया. ज्याचे चौदाही चौकोन आधी भरतील त्याला सगळे पैसे, म्हणजे ६०० डॉलर. टोपी फिरवणाऱ्याला त्यातला एक सेंटसुद्धा नाही. या प्रकाराला तिकडे 'थर्टीन रन पूल' म्हणतात आणि ऑफिसांत, बारमध्ये तो बऱ्यापैकी लोकप्रिय आहे.

आपल्यातल्या इंजिनियर मंडळींच्या लक्षात आलंच असेल, हा तर सरळ 'कूपन कलेक्टर'चा प्रश्न! चौदाही आकडे सारख्याच शक्यतेनं येत असते, तर सगळे गोळा व्हायला सरासरी ४५-४६ मॅचेस पुरल्या असत्या. पण तीन-चार रन रोज होतात आणि बरोब्बर तेरा क्वचित. त्यामुळे हे लांबतं, आणि लांबतं म्हणूनच मजा येते. बेसबॉलचा हंगाम १६२ मॅचेसचा. जवळजवळ रोज एक. रोज सकाळी कॉफी घेताना तीस माणसं त्या तक्त्यासमोर उभी राहणार. ज्याला बेसबॉल कळतं तो आणि ज्याला कळत नाही तो, दोघंही सारखेच असहाय. माझा पहिला चौकोन पहिल्याच दिवशी भरला. २८ मार्चला व्हाइट सॉक्स डेट्रॉइटकडून १-० ने हरले. शून्याचा चौकोन!

*

आता १९१९ कडे वळू.

सिनसिनाटीत बेसबॉल म्हणजे काय हे कळायला एकच गोष्ट पुरे: उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला व्यावसायिक संघ याच गावचा, १८६९ चा 'रेड स्टॉकिंग्ज'. आणि खेळात पगार आला त्याच्या आधीपासून पैजा होत्याच. नॅशनल लीग सुरू झाली १८७६ साली. दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, लुईव्हिल संघाच्या चार खेळाडूंना तहहयात बाहेर काढावं लागलं. मॅचेस हरण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल. म्हणजे आपल्याकडे २००० साली क्रिकेटमधलं फिक्सिंग उघड झालं आणि आपण हादरलो, तो धक्का या लोकांनी सव्वाशे वर्षं आधी खाल्लेला होता.

पण १९१९ सारखं काही झालं नव्हतं. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज नऊ मॅचेसची होती. समोरासमोर सिनसिनाटी रेड्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स. शिकागोचा संघ तगडा मानला जात होता. १ ऑक्टोबरला पहिली मॅच इथेच, सिनसिनाटीत झाली. शिकागोचा पिचर एडी सिकॉट यानं रेड्सच्या पहिल्याच फलंदाजाला चेंडू मारला. जुगाऱ्यांना ती खूण होती: सौदा पक्का. रेड्सनी सिरीज ५-३ अशी जिंकली. वर्षभरानंतर बिंग फुटलं. आठ खेळाडूंवर आरोप ठेवले गेले. ऑगस्ट १९२१ मध्ये ज्युरीनं खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडलं, आणि लगेच दुसऱ्या दिवशी बेसबॉलचा नवा कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यानं आठही जणांना कायमचं हद्दपार केलं. (हा लँडिस स्वतः न्यायाधीश. कोर्टानं काय म्हटलं ते कोर्टापाशी, म्हणाला असेल मनात.)

त्या आठांत बक वीव्हर म्हणून एक होता. त्यानं पैसे घेतल्याचा पुरावा नाही. सिरीजमध्ये खेळलाही चांगला. त्याचा गुन्हा एवढाच की सौद्याच्या बैठकीला तो हजर होता आणि नंतर गप्प बसला. तोही कायमचा बाहेर. मला हा निकाल आधी फार कठोर वाटला होता. आता तितका वाटत नाही, का ते पुढे येईल.

सगळेजण ही गोष्ट शिकागोच्या बाजूनं सांगतात. 'ब्लॅक सॉक्स', बिच्चारा शूलेस जो जॅक्सन, त्यावरचे सिनेमे. आजोबाचं दुःख वेगळं. "आमचं पोरं जिंकली रे," तो म्हणाला. "कदाचित तशीही जिंकली असती. पण शंभर वर्षं झाली, अजून कुणी ते धरत नाही." विकली म्हणजे हे. चोरी शिकागोनं केली आणि लुटलं गेलं सिनसिनाटी.

*

हे झालं मोठ्यांचं. साधी, पगारी माणसं काय करत होती?

ती पूल खेळत होती! आमच्या भिंतीवरच्या तक्त्याचे पूर्वज म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे 'बेसबॉल पूल'. स्वस्तातलं तिकीट, त्यावर ठरावीक संघ, आणि आठवड्याभरात त्या संघांनी काढलेल्या रनांची बेरीज. बेरीज सगळ्यांत जास्त त्याला बक्षीस. संघ कोण जिंकला, कोण हरला याच्याशी काही देणंघेणं नाही, फक्त रन मोजायचे. रनांचे आकडे पेपरात छापून येतात, त्यामुळे कुणी फसवल्याची शंका नको. कारखान्यात, दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे तिकिटं खपायची.

फरक एकच, पण तो सगळ्यात मोठा. तिथे टोपी फिरवणारा स्वतःचा वाटा आधी कापून घ्यायचा. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या ऑल्बनी शहरातला पूल इतका माजला होता की त्याची चौकशी ग्रँड ज्युरीपर्यंत गेली. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा सर्वेसर्वा डॅन ओ'कॉनेल याला चौकशीत उत्तरं द्यायचं नाकारल्याबद्दल तुरुंगाची हवा खावी लागली. बाहेर आल्यावर पुढची कित्येक दशकं शहर पुन्हा त्याच्याच मुठीत, हेही सांगितलं पाहिजे.

हे सगळं मी एका रविवारी फोनवर बाबांना रंगवून सांगत होतो. बाबा लालबागच्या चाळीत वाढलेले, आजोबा (खरे आजोबा, कोबॉलवाले नव्हेत) गिरणीत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मटकाच की रे!"

मी हसलो, पण बाबा किती बरोबर होते ते नंतर वाचल्यावर कळलं. मटक्याचा जन्मच मुळी न्यूयॉर्कच्या आकड्यांवर झाला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचे आणि त्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव यायचे बंद झाले, तेव्हा आकडे मटक्यातल्या चिठ्ठ्यांमधून काढायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत, १९६४ मध्ये रतन खत्री. ऑल्बनीचा कामगार आणि परळचा कामगार एकच गोष्ट करत होते. दूरवरून आलेला, कुणालाही बदलता न येणारा एक आकडा, आणि त्यावर थोडे पैसे. "थोडे?" बाबा म्हणाले. "आमच्या शेजारचे विणखात्यातले काका पगाराच्या दिवशी घरी यायचे ते रिकामे हात घेऊन. त्यांची पोरं आमच्याकडे जेवायची."

मी विषय बदलला.

*

दरम्यान अमेरिकेत पूल नावाचा प्राणी ऑफिसांतून विद्यापीठांत शिरला. १९६० साली हार्वर्डमध्ये विल्यम गॅमसन नावाचा समाजशास्त्रज्ञ होता. त्यानं सहकाऱ्यांना गोळा करून दहा-दहा डॉलर काढायला लावले. प्रत्येकानं लिलावासारखी बोली लावून खेळाडू 'विकत' घ्यायचे आणि वर्षअखेर त्यांच्या आकडेवारीवरून निकाल लावायचा. या उद्योगाचं नाव काय ठेवलं? 'बेसबॉल सेमिनार'! प्राध्यापक मंडळी जुगार खेळतात असं दिसायला नको म्हणून. (आपल्याकडे क्लायंट मीटिंग म्हणून कॉन्फरन्स रूम बुक करून मॅच बघतात, तसंच.)

गॅमसन पुढे मिशिगन विद्यापीठात गेला, सेमिनारही बरोबर गेलं. तिथे त्यात रॉबर्ट स्क्लार नावाचा प्राध्यापक आला आणि त्याच्याकडून ही कल्पना डॅनियल ओक्रेंट या विद्यार्थ्याच्या कानावर गेली. १९७९ मध्ये टेक्ससला जाणाऱ्या विमानात ओक्रेंटनं स्वतःचे नवे नियम लिहून काढले. १९८० च्या हंगामापासून त्याच्या मित्रमंडळींची लीग सुरू झाली. मंडळी न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्रान्सेझ' या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमायची, म्हणून नाव 'रोटिसरी लीग'. प्रत्येकाला २६० डॉलर आणि त्यात २३ खेळाडू. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर शॅम्पेनऐवजी 'यू-हू' नावाचं चॉकलेट पेय ओतायचं. आणि बिचारा ओक्रेंट स्वतः आपली लीग कधीच जिंकला नाही.

१९८१ च्या उन्हाळ्यात बेसबॉल खेळाडूंचा संप झाला. जवळजवळ दोन महिने मॅचेस नाहीत, क्रीडा पत्रकारांना लिहायला विषय नाही. मग त्यांनी या अजब लीगबद्दल लिहिलं आणि ती देशभर पसरली. आज ज्याला आपण 'फँटसी' म्हणतो, आपल्याकडे आयपीएलच्या वेळी ऑफिसचं काम ज्यामुळे ठप्प व्हायचं, त्या सगळ्याची आजी ही रोटिसरी लीग. सुरुवातीला आकडेमोड हातानं, पेपरातले तक्ते बघून. पुढे संगणक आला आणि आपल्यासारख्यांची सोय झाली. खेळाडूंची नावं आणि आकडे यांवर मालकी कुणाची, यावरून कोर्टातही भांडण झालं. २००७ मध्ये अपील कोर्टानं निकाल दिला की ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. डेटा जिंकला!

ऑफिसचा पूल, प्रोफेसरांचा सेमिनार, ओक्रेंटची लीग. या तिन्हींत मला एक समान धागा दिसला. पैसे ठरलेले, आधीच देऊन टाकलेले. मध्ये कुणी कापून घेणारा नाही. (अमेरिकेत राज्याराज्याचे कायदे वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी कायदासुद्धा हेच विचारतो: चालवणाऱ्याला त्यात काही सुटतं का?) आणि निकाल लागायला अख्खा हंगाम जावा लागतो. घाई करताच येत नाही.

*

आता जे सांगायला हा सगळा खटाटोप केला ते सांगतो.

ओहायो राज्यात १ जानेवारी २०२३ पासून फोनवरून बेटिंग कायदेशीर आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं १९९२ चा बंदीचा कायदा रद्द केला आणि एकामागून एक राज्यांनी दारं उघडली. ज्या मेजर लीगनं जुगारापायी माणसं जन्मभरासाठी हाकलली, तिनंच त्याच वर्षी एका बड्या कॅसिनो कंपनीशी भागीदारीचा करार केला. स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला पीट रोझचं नाव आहे. रोझ सिनसिनाटीचा लाडका पोरगा. ४२५६ हिट्स, आजवर कुणीही त्याच्या पुढे नाही. रेड्सचा मॅनेजर असताना आपल्याच संघावर पैसे लावले म्हणून ऑगस्ट १९८९ मध्ये तोही कायमचा बाहेर.

मी जुलैमध्ये फोनवर एक ॲप घेतलं. माझा व्हाइट सॉक्स संघ तेव्हा रोज हरत होता. रोज म्हणजे खरंच रोज. १० जुलैपासून सलग २१ मॅचेस! मला वाटलं, हे तर फुकटचे पैसे. रोज रात्री 'हरणार' यावर लावायचे. मिळायचे तेही चिल्लर, कारण सगळ्या जगाला ठाऊक होतं की ते हरणार. मग ते चिल्लर दुसऱ्या मॅचेसमध्ये, मॅच चालू असताना लावायचे. पुढचा फलंदाज काय करेल, पुढचा चेंडू कसा पडेल. ते हरलं की भरून काढायला आणखी. ६ ऑगस्टच्या रात्री मी ४०० डॉलर लावले, व्हाइट सॉक्स ओकलंडमध्ये हरणार म्हणून. त्या रात्री ते ५-१ ने जिंकले.

महिन्याभरात एकूण ११४० डॉलर गेले. कुणाच्या घरावर जप्ती येण्याइतके नाहीत. पण घरी पाठवायचे त्यातले होते, आणि बाबांना मी "या महिन्यात रेंट वाढलं" असं सांगितलं. विणखात्यातले काकाही घरी असंच काहीतरी सांगत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पँट्रीत अख्खं ऑफिस माझं अभिनंदन करत होतं. "जिंकले रे तुझे! अखेर जिंकले!" कुणीतरी तक्त्यावर माझ्या नावापुढे चांदणी काढली होती. पाच रनांचा चौकोन माझा आधीच भरलेला, म्हणजे पुलात काही फायदा नाही, तरी सगळे खूश. आणि तिथे उभा राहून मला जाणवलं की आदल्या रात्री जगात कदाचित मीच एकटा असेन, ज्याच्या टोपीत व्हाइट सॉक्सची चिठ्ठी होती आणि जो ते हरावेत म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. १९१९ चे आठजण वेगळं काय करत होते?

आजोबाला सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. त्यानं उपदेश केला नाही. तक्त्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, "इथे तू हरलास की तीस माणसांना दिसतं. तिथे कुणाला दिसतं?"

ॲप त्याच दुपारी काढून टाकलं. बाबांना खरं सांगायला मात्र दिवाळी उजाडली. बक वीव्हरच्या शिक्षेबद्दल मत बदललं ते यामुळे. गप्प बसणं हाही सौद्याचाच भाग असतो.

त्याच वर्षी शोहेइ ओहतानीच्या दुभाष्याचं प्रकरण गाजत होतं. इप्पेइ मिझुहारानं मित्राच्याच खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर उचलले होते, बेकायदा बुकीचं देणं फेडायला. सरकारी कागदपत्रांनुसार दोनेक वर्षांत सुमारे १९ हजार बेट्स. भागाकार करून बघा, दिवसाला पंचवीस येतात. माझे त्या मानानं किरकोळ, पण वेग ओळखीचा वाटला. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये ओहायोतल्याच क्लीव्हलँड संघाच्या दोन पिचर्सवर आरोपपत्र आलं, की जुगाऱ्यांसाठी ठरवून विशिष्ट चेंडू टाकले. दोघांनीही आरोप नाकारले. त्यानंतर एकेका चेंडूवरच्या बेटला २०० डॉलरची मर्यादा घातली गेली. १६२ मॅचेसचा हंगाम कापत कापत एका चेंडूपर्यंत आणला की असंच होणार.

आमचा पूल जिंकला पेरोलमधल्या एका बाईंनी. आपला संघ कुठल्या शहरातला तेही त्यांना नीट माहीत नव्हतं. ६०० डॉलरपैकी बरेचसे सगळ्यांच्या पिझ्झ्यावर गेले. माझ्या व्हाइट सॉक्सनी ४१ जिंकल्या, १२१ हरल्या. आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतक्या मॅचेस कुणीच हरलेलं नव्हतं. साखळी हंगामाचा शेवटचा दिवस ३० सप्टेंबर. त्याच दिवशी पीट रोझ वारला. आजोबा दिवसभर फारसं बोलला नाही. मे २०२५ मध्ये रोझ आणि जो जॅक्सन, दोघांचीही नावं बंदीच्या यादीतून काढली. दोघंही ते बघायला नव्हते.

असो. मी आता पुण्यात परत आलोय. आजोबा रिटायर झाला, पण टोपी दुसऱ्या कुणाकडे तरी देऊन गेला. मार्च आला की मी न विसरता वीस डॉलर पाठवतो. माझी चिठ्ठी तिथलंच कुणीतरी उचलतं आणि फोटो पाठवतं. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "काय रे, तुझा मटका काय म्हणतोय?" आणि मी सगळे चौकोन वाचून दाखवतो. रिकामेसुद्धा.